पार्किंगचे पट्टे मारण्याआधी वही घेऊन रस्त्यावर उभे राहा: पालिकेच्या वाहनतळासाठी नवख्यांना मार्गदर्शक

नाशिक जिल्ह्यातल्या एका नगर परिषदेत मी बांधकाम विभागात अभियंता होते. पार्किंगचा विषय माझ्या टेबलावर आला तो एका ओळीच्या टिपणीने : "बाजारपेठेत पार्किंगची व्यवस्था करावी." म्हणजे नेमकं काय करायचं, कुठून सुरुवात करायची, कुणाची परवानगी घ्यायची, हे सांगणारं कुणी नव्हतं. मी अंदाजपत्रक केलं, पांढरे पट्टे मारून घेतले, फलक लावले. तीन महिन्यांत त्या पट्ट्यांवर दुकानदारांच्या गाड्या सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्या राहू लागल्या आणि गिऱ्हाईक पूर्वीसारखंच रस्त्याच्या मधोमध थांबायला लागलं. दुसऱ्या वेळी मात्र क्रमाने काम केलं. तो क्रम इथे देते आहे. नव्याने रुजू झालेले अभियंते, पहिल्यांदा निवडून आलेले नगरसेवक आणि "आमच्या गल्लीत काहीतरी करा" म्हणून अर्ज घेऊन येणारे व्यापारी, सगळ्यांना तो उपयोगी पडावा.

१. रस्ता कुणाचा आणि अधिकार कुणाचा, ते आधी ठरवा

गावातून जाणारा प्रत्येक रस्ता पालिकेचा नसतो. एखादा सार्वजनिक बांधकाम विभागाचा असतो, एखादा राष्ट्रीय महामार्गाचा. सातपूर-अंबडकडे गेलात तर एमआयडीसी मध्ये येते, देवळालीत कॅन्टोन्मेंट. मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलाखाली रिकामी जागा दिसते म्हणून तिथे वाहनतळ सुचवणं सोपं आहे, पण ती जागा महामार्गाची आहे. त्यांचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय तिथे एक दगडही ठेवू नका.

दुसरी गोष्ट, पालिका जागा देते, पट्टे मारते, शुल्क ठरवते. पण "इथे गाडी लावायची नाही" हे कायद्याने बंधनकारक करायला अधिसूचना लागते. मोटार वाहन अधिनियम १९८८ ची कलमं ११५, ११६ आणि ११७ त्यासाठी आहेत. महाराष्ट्र पोलीस अधिनियमातलं कलम ३३ सुद्धा वापरलं जातं. नाशिक शहरात हे काम पोलीस आयुक्तालयाकडून होतं, तालुक्याच्या गावात पोलीस अधीक्षक आणि जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जावं लागतं. धोकादायक जागी गाडी उभी करणं कलम १२२ मध्ये येतं, सोडून दिलेली गाडी उचलणं कलम १२७ मध्ये.

इथे एक गोंधळ हमखास होतो. नगररचना विभागातला माणूस "१२७ ची नोटीस आली" म्हणतो तेव्हा तो प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ बद्दल बोलत असतो, म्हणजे विकास आराखड्यात सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेल्या (आरक्षित) जागेच्या मालकाने "जागा घ्या नाहीतर आरक्षण सोडा" अशी दिलेली नोटीस. वाहतूक शाखेचा माणूस १२७ म्हणतो तेव्हा गाडी उचलण्याबद्दल. एका बैठकीत दोघे अर्धा तास एकमेकांशी वेगवेगळ्या विषयावर बोलत होते. कलम लिहिताना कायद्याचं नावही लिहीत जा.

आणि दंडाचा हिशेब उत्पन्नात धरू नका. नो पार्किंगचं चलन पोलीस फाडतात, तो पैसा पालिकेच्या तिजोरीत येत नाही.

फाइलला सुरुवातीपासून ही कागदपत्रं लावा:

- विकास आराखड्याचा त्या भागाचा नकाशा, पार्किंगची आरक्षणं ठळक करून
- जागेचं मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, आणि मोजणी नकाशा
- रस्त्याची मंजूर रुंदी आणि जागेवरची खरी रुंदी, दोन्ही
- रस्ता दुसऱ्या खात्याचा असेल तर त्यांचं ना-हरकत पत्र
- वाहतूक शाखा आणि अग्निशमन विभागाचा अभिप्राय
- पथविक्रेत्यांच्या सर्वेक्षणाची यादी
- तुम्ही स्वतः केलेल्या मोजणीचे तक्ते

या यादीतला शेवटचा कागद बहुतेक फायलींत नसतो. पुढचा टप्पा त्याचाच आहे.

२. मोजा. अंदाज नको, मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. माझ्या मते पार्किंगचं निम्मं काम मोजणीतच होतं.

लागतं काय? जाड पुठ्ठ्याची वही, दोन पेनं, घड्याळ, पन्नास मीटरचा टेप, खडू आणि कंटाळा न येणारी दोन माणसं. रस्त्याचे पन्नास-पन्नास मीटरचे तुकडे पाडा. विजेच्या खांबांवर खडूने नंबर टाका. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत दर अर्ध्या तासाला एक फेरी मारा आणि प्रत्येक उभ्या गाडीच्या नंबरातले शेवटचे चार आकडे लिहा. दुचाकी, चारचाकी, रिक्षा, टेम्पो असे रकाने वेगळे ठेवा. एक आठवडी बाजाराचा दिवस, एक साधा दिवस आणि एक रविवार, असे किमान तीन दिवस घ्या. गोदाघाटाच्या आसपास मोजत असाल तर बुधवार चुकवू नका. बुधवारचा बाजार भरला की तिथलं चित्रच पालटतं.

आमच्या पेठेत मी एका किराणा दुकानाच्या पायरीवर बसून हे लिहिलं. दुपारी चारच्या फेरीला वही मागे चाळली. पहिल्या रकान्यात तोच आकडा, दुसऱ्यात तोच, सहाव्यात तोच, बाराव्यात तोच. राखाडी रंगाची स्कूटर, सीटवर सकाळच्या उन्हासाठी टाकलेलं गोणपाट, ते संध्याकाळपर्यंत तिथेच. मालक समोरच्याच दुकानातले. त्यांच्या शेजारी त्यांच्या दोन नोकरांच्या गाड्या. पुढच्या दुकानाचंही तेच. ज्या रस्त्यावर गिऱ्हाइकाला जागा मिळत नाही म्हणून व्यापाऱ्यांनी अर्ज दिला होता, तिथली निम्म्याहून जास्त जागा दुकानदारांनीच धरून ठेवली होती. त्यांना हे ठाऊक नव्हतं. वही दाखवली तेव्हा चर्चेचा सूर बदलला.

वहीतून तीन गोष्टी काढा. एक, कुठल्या वेळी शंभरातल्या किती जागा भरलेल्या आहेत. दोन, एक गाडी सरासरी किती वेळ उभी राहते. तीन, एका जागेवर दिवसभरात किती गाड्या येऊन गेल्या. तिसऱ्या आकड्याला मी जागेची उलाढाल म्हणते, कारण व्यापाऱ्याला तो शब्द लगेच कळतो. सोळा गाड्यांच्या रस्त्यावर प्रत्येक गाडी दहा तास थांबली तर दिवसात सोळाच माणसं येऊन जातात. तासाभरात जागा सुटत गेली तर एकशे साठ येतात. रस्ता तोच आणि पट्टेही तेच राहतात.

साधारण ८५ टक्के जागा भरलेल्या आणि १५ टक्के रिकाम्या असाव्यात, हा ठोकताळा ठेवा. सगळ्या भरल्या की नवीन येणारा माणूस जागा शोधत घिरट्या घालतो, आणि कोंडी त्या घिरट्यांनी होते.

सापळा : फक्त चारचाकी मोजू नका. नाशिकमध्ये मेन रोड, दहीपूल, सराफ बाजार या भागात दुचाकीचं राज्य आहे. तिथे चारचाकीचे चौकोन आखणं म्हणजे सहा माणसांची जागा एकाला देणं.

३. जागा शोधा

मोजणी झाल्यावरच जागेकडे वळा. क्रम असा ठेवा : आहे त्या रस्त्याची नीट आखणी, मग ठरावीक वेळी रिकामी राहणारी मैदानं आणि कार्यालयांची आवारं, मग आराखड्यातली आरक्षणं, आणि सगळ्यात शेवटी इमारत. बहुमजली वाहनतळाची मागणी प्रत्येक सभेत होते. पण वरच्या मजल्यावर पैसे देऊन गाडी लावायची आणि खालच्या रस्त्यावर फुकट लावता येते, असं असेल तर वर कुणी जात नाही. रस्त्यावरची शिस्त आधी लागते, इमारत नंतर भरते.

क्षेत्रफळाचा हिशेब हाताशी असू द्या. एका मोटारीचा चौकोन २.५ बाय ५ मीटर आणि दुचाकीचा १ बाय २ मीटर, असं राज्याच्या एकात्मिक विकास नियंत्रण नियमावलीत आहे. पण मोकळ्या मैदानात आत-बाहेर जायचा रस्ता धरून एका मोटारीला साधारण २३ चौरस मीटर लागतात, तळघरात ३२. म्हणजे दहा गुंठ्यांच्या मोकळ्या जागेत चव्वेचाळीस मोटारी. "शंभर गाड्यांचं पार्किंग" असं भाषणात सांगण्याआधी हा भागाकार करा.

नदीकाठची जागा मोह घालते, कारण ती सपाट आणि मोकळी असते. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की गोदावरीचं पाणी दुतोंड्या मारुतीच्या, म्हणजे नदीपात्रातल्या उंच मूर्तीच्या, कुठवर चढलं, हे बघायला सगळं नाशिक घाटावर जमतं, आणि त्याच वेळी गौरी पटांगणाच्या बाजूला लावलेल्या गाड्या काढायची धांदल उडते. तुमच्या गावातही नदी असेल तर निळ्या (नेहमीच्या पुराच्या) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराच्या) पूररेषेचा नकाशा आधी बघा. पावसाळ्यात ती जागा बंद ठेवण्याची तरतूद ठेक्यातच लिहा. भोंगा कोण वाजवणार, मालक सापडला नाही तर गाडी कोण हलवणार, हेही लिहा.

जुन्या नाशकासारख्या भागात आणखी एक काळजी घ्या. पावसाळ्यात पडके वाडे कोसळतात. धोकादायक म्हणून नोटीस दिलेल्या वाड्याच्या भिंतीलगत पार्किंग आखू नका.

४. आखणी

शंभर मीटर रस्त्याच्या एका बाजूला किती मोटारी बसतात?

- रस्त्याला समांतर लावल्या तर सोळा
- ४५ अंशात तिरक्या लावल्या तर सत्तावीस
- काटकोनात लावल्या तर चाळीस

हे आकडे पाहून सगळे काटकोनाकडे धावतात. पण काटकोनात गाडी रस्त्याची पाच मीटर रुंदी खाते आणि मागे निघताना पूर्ण रस्ता अडवते. अरुंद पेठेत समांतरच बरी. तिरकी आखणी एकेरी रस्त्यावर, तीही रुंदी असेल तर.

चौक, वळण, पूल, झेब्रा क्रॉसिंग, बसथांबा, शाळा आणि दवाखान्याचं दार यांच्याजवळ आखायचंच नाही. पदपथावर तर मुळीच नाही. पदपथ गाड्यांना दिला की चालणारा माणूस रस्त्यावर उतरतो, त्यात म्हातारी माणसं आणि शाळेची मुलं असतात. या बाबतीत कुणाचंही ऐकू नका.

अपंगांसाठीची जागा ३.६ मीटर रुंद हवी आणि प्रवेशद्वारापासून तीस मीटरच्या आत हवी. कोपऱ्यात, उताराला, फक्त निळं चित्र काढून ती पुरी होत नाही. चाकाची खुर्ची गाडीतून उतरवून वळवता आली पाहिजे.

आखणी अंतिम करण्याआधी अग्निशमन दलाचा बंब प्रत्यक्ष बोलवा. रस्त्यावर खडूने चौकोन काढा, त्यात गाड्या उभ्या करा आणि बंब गल्लीतून नेऊन दाखवायला सांगा. आमच्याकडे कागदावर बरोबर असलेलं एक वळण बंबाला घेता आलं नाही. रसवंतीच्या कोपऱ्यावरचे तीन चौकोन आम्ही तिथल्या तिथे पुसले.

पट्टे थर्मोप्लास्टिकचे मारा, साधा ऑइलपेंट एका पावसाळ्यात जातो. त्याआधी पाणीपुरवठा आणि गटार विभागाला लेखी विचारा की पुढच्या वर्षभरात तो रस्ता खोदायचा आहे का.

हातगाड्या आणि फेरीवाले मध्ये येतातच. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे त्यांचं सर्वेक्षण आणि पथविक्रेता समिती यांना वगळून पुढे जाता येत नाही, आणि जाऊही नये. त्यांची जागा त्याच नकाशावर दाखवा. नाहीतर तुमच्या पट्ट्यांवर ते उभे राहतील आणि चूक त्यांची नसेल.

५. दर ठरवा

रस्त्यावरची जागा महाग आणि आतल्या मैदानातली स्वस्त, हे सूत्र. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं असतं. पहिला तास कमी, पुढचा प्रत्येक तास चढता. सार्वजनिक जागेवर गाडी लावण्याचं शुल्क त्या जागेच्या किमतीशी जुळतं असावं, असं २००६ चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण सांगतं. सभेत विरोध झाला तर हा आधार उपयोगी पडतो.

मासिक पास पेठेतल्या मुख्य रस्त्यासाठी देऊ नका. पास म्हणजे दिवसभर जागा अडवण्याचा परवाना. दुकानदारांना पास द्या, पण पाच मिनिटं चालत जाता येईल अशा मैदानाचा. आमच्याकडे हे पटवायला दोन बैठका लागल्या आणि वहीच कामी आली.

दराचा ठराव सर्वसाधारण सभेत घ्या. ठरावात वाहनाचा प्रकार, वेळ, सूट कुणाला आणि दर पुन्हा केव्हा तपासणार, हे चारही मुद्दे असू द्या.

६. अधिसूचना आणि हरकती

वाहतूक शाखेला प्रस्ताव पाठवताना नकाशा, मोजणीचे तक्ते आणि पर्यायी जागा, तिन्ही द्या. नुसतं "नो पार्किंग करावे" असं पत्र पडून राहतं. आधी ठरावीक दिवसांसाठी प्रायोगिक तत्त्वावर अधिसूचना मागा, हरकती-सूचना घ्या, मग कायम करा. सम-विषम तारखेची व्यवस्था (सम तारखेला रस्त्याच्या एका बाजूला पार्किंग, विषम तारखेला दुसऱ्या) करत असाल तर दोन्ही बाजूंना प्रत्येक तुकड्यात फलक हवा. एक फलक झाडामागे गेला तरी वाद होतो, आणि दंड भरणाऱ्याचं म्हणणं खरं असतं.

७. ठेका द्यायचा असेल तर

पैसे इथेच बुडतात आणि लोकांचा रोषही इथेच ओढवतो, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

आधारभूत किंमत वहीतून काढा : जागा, गुणिले रोजची उलाढाल, गुणिले दर, गुणिले दिवस. त्यातून पावसाचे आणि सणांचे बंद दिवस वजा करा, माणसांचा पगार वजा करा. मागच्या वर्षीच्या आकड्यात दहा टक्के मिळवून किंमत काढायची पद्धत आहे, ती सोडा. कुणी तुमच्या हिशेबापेक्षा खूपच जास्त बोली लावली तर आनंदून जाऊ नका. तो पैसा तो कुठून काढणार आहे, हे विचारा. दहाच्या जागी वीस घेऊनच तो निघतो.

निविदेच्या अटींत या गोष्टी नसतील तर सही करू नका:

- दरफलक दोन मीटर उंचीवर, मोठ्या अक्षरात, प्रत्येक प्रवेशाशी
- त्याच फलकावर ठेकेदाराचं नाव, तक्रारीचा नंबर आणि ठेका संपण्याची तारीख
- क्रमांक असलेली पावती, हातातल्या मशीनमधून, वेळ छापलेली
- यूपीआयचा क्यूआर कोड पालिकेच्या खात्याचा
- कर्मचाऱ्यांना गणवेश, ओळखपत्र आणि पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी
- गाडी चोरीला गेली किंवा खरचटली तर जबाबदारी कुणाची, स्पष्ट शब्दांत
- जादा वसुली सापडली तर दंड किती आणि कितव्या वेळी ठेका रद्द

ठेका संपण्याची तारीख फलकावर का, तर मुदत संपल्यावरही वसुली चालू राहते म्हणून. मी एका मोठ्या वाहनतळावर स्वतः पावती घेतली होती. नंतर चौकशी केली तर ठेका पाच महिन्यांपूर्वीच संपला होता. पावती छापील होती, शिक्काही होता, पैसा कुठे गेला ते कुणी सांगू शकलं नाही. तारीख फलकावर असेल तर हे काम नागरिकच करतात.

ठेकेदाराच्या माणसाला चलन फाडायचा किंवा कुणाच्या गाडीला जॅमर लावून दंड घ्यायचा अधिकार नाही, हे त्याला लेखी कळवा. छोट्या गावात दुचाकी तळ महिला बचत गटाला देऊन बघा. माझा अनुभव चांगला आहे. बायका तळावर असल्या की संध्याकाळी मुली निर्धास्त गाडी लावतात.

८. गर्दीचे दिवस वेगळे धरा

श्रावणातल्या सोमवारी त्र्यंबकला, पर्वणीला नाशिकला, किंवा तुमच्या गावच्या यात्रेला रोजची व्यवस्था पुरत नाही. तेव्हा गाडी गावाबाहेर थांबवून पुढे एसटीने नेणं हाच मार्ग. २०१५ च्या सिंहस्थात बाह्य आणि अंतर्गत वाहनतळ अशी दोन टप्प्यांची रचना होती. येत्या सिंहस्थाचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला आणि पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला आहे, म्हणजे स्नानं पुन्हा भर पावसाळ्यात.

त्यामुळे बाहेरच्या तळाची जागा ठरवताना माती बघा. काळ्या रानात उन्हाळ्यात मोटार छान उभी राहते, आषाढात तीच ट्रॅक्टरने ओढून काढावी लागते. मुरूम, चर, आणि निघायचा रस्ता वेगळा. शेतकऱ्याशी करार खरिपाच्या पेरणीआधी करा, पेरणी झाल्यावर गेलात तर उभ्या पिकाची भरपाई द्यावी लागेल आणि त्याचं मनही दुखावेल. तळापासून शेवटच्या थांब्यापर्यंत म्हातारं माणूस किती चालेल, ते स्वतः चालून मोजा. तळाच्या प्रत्येक भागाला अक्षराऐवजी चित्र द्या : मोर, बैल, कमळ. रात्री परतणाऱ्या आजीला "सी-४" आठवत नाही, मोर आठवतो.

९. सुरू झाल्यावर

पहिला महिना दंड नको, समज द्या. तीस दिवसांनी पुन्हा त्याच गल्लीत, त्याच वारी, तशीच वही घेऊन बसा आणि दोन्ही तक्ते शेजारी ठेवून पुढच्या सभेच्या टिपणीला जोडा. मी दुसऱ्या मोजणीला त्याच पायरीवर बसले, तेव्हा किराणा दुकानदारांनी आतून स्टूल आणून दिलं. त्यांची स्कूटर मैदानावर होती. दुपारी चारच्या फेरीला त्या जागेसमोर माझ्या वहीत नऊ वेगवेगळे आकडे होते.